अक्काचं ‘ऑन अ टूर’

प्रिय अक्का,

काल गावात बायकांचा इंग्रजीचा पहिला तास घेतला. दूध संस्थेच्या वरच्या खोलीत. जिथं तू मीटिंगला जाऊन सगळ्यांत मागं बसायचीस आणि सगळ्यांत जास्त बोलायचीस, तिथंच. यंदाही गावातल्या काही जणी सिंगापूरला निघाल्यात. टूरवाल्या पोराचा फोन आला, "मॅडम, अक्कांना शिकवलं तसं ह्यांनाबी शिकवा की." नाही कसं म्हणणार?

फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं, ‘आय अ‍ॅम गोइंग ऑन अ टूर’. ‘ऑन’च्या खाली रेघ ओढली आणि पुढं काय सांगायचं तेच सुचेना. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, पण असं कधी झालं नव्हतं. तुझी शेजारीण रत्ना पुढंच बसली होती. ती हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, पाणी आणू काय?" पाणी प्यायले, तास पुरा केला, एसटीनं कोल्हापूरला परत आले. आज सकाळी ह्यांना चहा दिला आणि लिहायला बसले. तू गेल्यापासून तुझ्याविषयी सगळ्यांशी बोलून झालं गं. तुझ्याशीच तेवढं राहिलं.

तू कानडी शाळेत चार इयत्ता शिकलेली. मराठी वाचायला सासरी शिकलीस, तेही पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत. म्हणून मोठं आणि सुटं लिहितेय. सावकाश वाच. तुला तरी आता कसली घाई?

तुला सरळ ‘तू’ म्हणतेय. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा तू थोरली जाऊ, घरातली जुनी सून. मी तुला ‘अहो अक्का’ म्हणायचे. तू मला काय म्हणायचीस आठवतं? ‘मास्तरीण’. ते चालून जायचं. पण वाटण्या झाल्या, हे आणि मी माझ्या शाळेसाठी कोल्हापूरला राहायला आलो, आणि त्यानंतर पहिल्या बेंदराला, बैलांच्या सणाला, गावी गेले तेव्हा तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "या पावणं, बसा."

पावणं! रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला आपल्याकडं म्हणतात ते. सख्ख्या जावेला! चार लोकांत हसून म्हणालीस, पण मला लागलं. त्यानंतर किती तरी वर्षं मी बेंदराला आणि लग्नकार्याला यायचे, पाहुण्यासारखी खुर्चीवर बसायचे, पाहुण्यासारखी जेवायचे आणि निघायचे. तू ताट वाढायचीस, तेही पाहुण्याला वाढतात तसं, तूप जास्त घालून. आपल्यात भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, नाही का?

मग एका शनिवारी दारात उभी राहिलीस. हातात ताकाची किटली, डोक्यावर पदर, पायांत सगळ्या रस्त्याची धूळ. इथल्या, कोल्हापुरातल्या संभाजीनगर स्टँडवरून रिक्षा न करता चालत आली होतीस. आत येऊन बसलीस, घर बघितलंस, पंखा बघितलास आणि म्हणालीस, "मला इंग्रजी शिकीव."

मला आधी थट्टाच वाटली. पण तू गंभीर होतीस. गावातल्या बायकांबरोबर तू सिंगापूरच्या टूरला नाव घातलं होतंस. थोरले भावजी जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तुझा संदीप शेती बघत होता, सून आली होती. तू म्हणालीस, "जितं मला कोन ‘च्या टाक’ म्हननार न्हाय, असं एक गाव बघायचं हाय."

"मग इंग्रजी कशाला, अक्का? बरोबर गाईड असतो की."

"त्यो पोरगा सांगत हुता, तितल्या इमानतळावर सायब एकेकाला एकटं हुबं करतो आन् इचारतो, कशाला आलाय? आता सगळ्या दुन्येत मी बोलती बाई, आन् तितं मुकी हुबी ऱ्हाऊ व्हय?"

त्या शनिवारपासून दर शनिवारी तू आलीस. पहिल्या दिवशी वाक्य तूच तयार करून आणलं होतंस. "टूरला जातो. गो टू टूर. बरूबर?"

"नाही अक्का. गो ऑन अ टूर."

"ऑन म्हंजे?"

"वर."

"टूरच्या वर? टूर काय म्हस हाय वर बसायला?"

मी तुला नियम सांगत गेले आणि तू प्रत्येक नियमाला उभं-आडवं तपासत गेलीस. फिरायला जाणं म्हणजे ‘गो फॉर अ वॉक’. मग तिथं ‘फॉर’ आणि इथं ‘ऑन’ का? सहलीला जाणं म्हणजे ‘गो ऑन अ ट्रिप’, नाहीतर ‘टेक अ ट्रिप’. "घ्यायची? घिऊन कुटं ठिवायची?" मी म्हटलं, आपण नाही का चक्कर मारतो, तसे ते ट्रिप घेतात. तू म्हणालीस, "मारन्यापरास घेतल्याली बरी."

आणि ‘व्हिजिट’! ‘आय व्हिजिटेड टू सिंगापूर’ असं माझी दहावीची पोरंसुद्धा लिहायची. मी तुला बजावलं, ‘गो’च्या पुढं ‘टू’ लागतं, ‘व्हिजिट’च्या पुढं लागत नाही. "दोनीचा अर्थ जान्याचाच न्हवं? मग एकीला लागतं, दुसरीला न्हाय, आसं का?"  मग उत्तरही तूच दिलंस, "कळलं. दोगी एका घरातल्या जावा. एक सरळ, एक तिरकी."

आणि माझ्याकडं बघितलंस. मीही बघितलं. मग जे हसलो गं आपण! आतल्या खोलीतून हे विचारायला आले, काय झालं म्हणून. सरळ कोण आणि तिरकी कोण, ते मात्र तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

‘ऑन’ काही तुझ्या तोंडात बसेना. ‘गो टू टूर’, ‘गो फॉर टूर’, सगळं व्हायचं. शेवटी मी विचारलं, "अक्का, मंत्री गावात येतात तेव्हा काय म्हणतात? साहेब दौऱ्याला आलेत म्हणतात का?"

"दौऱ्यावर आल्यात म्हन्त्यात."

"दौऱ्यावर. ऑन अ टूर."

 तू पदर सारखा केलास. "म्हंजे आता मी दौऱ्यावर जानार?"

"हो."

"मी?"

"तूच की."

तेव्हा तोंडातून ‘तूच’ निघून गेलं होतं, माझ्याही नंतर लक्षात आलं.  त्या दिवसापासून तुझं ‘ऑन’ कधी चुकलं नाही. गावभर सांगत सुटलीस, मी दौऱ्यावर जाणार हाय म्हणून. संस्थेच्या सेक्रेटरींनी मीटिंगची तारीख विचारली तर म्हणालीस, "तवा जमायचं न्हाय, मी दौऱ्यावर हाय." रत्ना अजून त्याची नक्कल करते.

निघताना तू उंबऱ्यात थांबून म्हणायचीस, "येतो गं." आपल्याकडच्या बायकांसारखं, ‘येतो’. एकदा चप्पल घालता घालता विचारलंस, "जाताना ती लोकं काय म्हन्त्यात?"

"आय अ‍ॅम लीव्हिंग. म्हणजे मी निघते."

"‘येतो’ म्हनत न्हाईत?"

"नाही."

"मग घरातल्यांनी वाट कशी बघायची?" तू खरंच काळजीनं विचारलं होतंस. 

टूरमध्ये तुझ्याबरोबर खोलीत रत्ना राहणार होती. तिच्या लेकीचं बाळंतपण अलीकडं आलं आणि रत्ना गळाली. संदीप तर आधीपासूनच नाराज होता. "आई, ह्या वयात कशाला? आन् चंद्रीचं काय? ती तुज्याबिगर पान्हा सोडत न्हाय." चंद्री म्हैस तुझ्या माहेरच्या बाजूच्या बाजारातून आणलेली. तू तिच्याशी कानडीत बोलायचीस आणि ती दूध द्यायची. संदीपला वाटलं, आता आई घरी बसणार. तू मला फोन केलास. "शैले, तू चल."

मास्तरीण नाही, पावणं नाही. शैले! मी ह्यांना विचारायच्या आधीच हो म्हणून बसले.

विमानात खिडकीशी बसून तू खालचे ढग बघत राहिलीस. चहा घेऊन आलेल्या मुलीला मान हलवून ‘थँक यू’ म्हणालीस आणि माझ्या कानात पुटपुटलीस, "बघ, आयता च्या." आणि मग खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, "ते अहो-जाहो आता बास कर. परमुलखात बरं दिसत न्हाय." जणू आपल्या मुलखात बरं दिसत होतं!

सिंगापूरच्या विमानतळावर माणसाऐवजी यंत्रं होती. पासपोर्ट ठेवायचा, अंगठा टेकवायचा, फाटक उघडतं. माझं उघडलं, मी पलीकडं गेले. मागून तू. तुझं उघडेना. अंगठा पुसलास, परत टेकवलास. पदराला घासलास, परत टेकवलास. उघडेना. जन्मभर शेणात, मातीत, विळ्याच्या मुठीवर झिजलेली तुझी बोटं, त्यांच्यावर यंत्राला वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गणवेशातली एक मुलगी आली आणि तुला बाजूच्या खिडकीकडं घेऊन गेली. मी परत फिरायला निघाले तर तिनं हात आडवा केला. पलीकडं गेलेल्या माणसाला परत येता येत नाही म्हणाली.

आपल्यामध्ये नुसती एक काच होती. गाईड आणि बाकीच्या बायका पुढं गेल्या होत्या. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं तुझा पासपोर्ट बघितला, तुझ्याकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं, भराभर. तू माझ्याकडं बघितलंस.  मी ओठ हलवून सांगायला लागले, तर तू मान फिरवलीस. सरळ त्याच्याकडं बघून म्हणालीस, "स्लोली, प्लीज."

त्यानं सावकाश विचारलं. तू दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवलेस. इकडं ऐकू आलं, मीटिंगमध्ये बोलायचीस त्याच आवाजात, "आय हॅव कम ऑन अ टूर."

"अलोन?"

"नो. विथ माय सिस्टर."

आणि बोट केलंस. माझ्याकडं. त्या अधिकाऱ्यानं काचेतून बघितलं. मी वेड्यासारखा हात हलवला.

तू बाहेर आलीस तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून काय निघावं? मास्तरीणच ना मी! म्हटलं, "अक्का, जावेला सिस्टर-इन-लॉ म्हणतात. शिकवलं होतं की मी."

तू पासपोर्ट पिशवीत घालत होतीस. म्हणालीस, "म्हाईत हाय. पर त्या सायबाला घरातलं कशाला सांगायचं?"

अक्का, ह्या तुझ्या वाक्याचा मी खूप विचार केलाय. तू ते थट्टेत म्हणालीस की मनापासून? विचारायचं धाडस झालं नाही. त्या रात्री हॉटेलवर एकमेकींच्या वेण्या घालताना आपण वाटण्यांच्या वेळचं सगळं बोललो. तू म्हणालीस, "तू गेलीस आन् घरात बोलायला कोन उरलंच न्हाय. त्याचा राग हुता." बस्स, एवढंच! एवढ्यासाठी इतकी वर्षं मला खुर्चीवर बसवलंस? हे आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपचा व्हिडिओ कॉल आला. तुझं लुगडं गुंडाळून गोठ्यात बसला होता बिचारा, चंद्रीला आई वाटावी म्हणून. चंद्री लाथा झाडत होती. तू म्हणालीस, "फोन तिच्या कानाला लाव." आणि हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये, सगळ्या देशांची माणसं ब्रेडला लोणी लावत असताना, तू मोठ्यानं हाका घातल्यास, "बाऽ, बाऽ नन्न तायी!" ये गं माझे आई. पलीकडं चंद्री उभी राहिली. संदीपचा आवाज आला, "सोडला, सोडला पान्हा!" शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या आजोबांनी कशाला कोण जाणे, टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी तिथल्या तमिळ बाजारात तू गजरा घ्यायला थांबलीस. मी इंग्रजीत भाव विचारत होते, ती फुलवाली तमिळमध्ये काही सांगत होती, कुणालाच काही कळत नव्हतं. तू मला कोपरानं बाजूला सारलंस आणि सरळ कानडी सुरू केलंस. तिचं तमिळ, तुझं कानडी. अर्धं जुळत होतं, अर्ध्याला तुम्ही दोघी हसत होता. ती तुला ‘अक्का’ म्हणाली! तिच्या भाषेतही तेच म्हणतात. तुम्ही लेकरांबद्दल बोललात, पाण्याबद्दल बोललात, आणखी कशाबद्दल देव जाणे. मी शेजारी गजरा धरून उभी. निघताना तू म्हणालीस, "बघितलंस, मुकं हुबं ऱ्हायला कसं वाटतं? आता कानडी शीक. मग माज्या म्हायेराला जाऊ."

तुझं माहेर कर्नाटकात, हुक्केरीच्या पलीकडं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. आपली सगळी सोयरीक तिकडं गेली की मराठी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात बसते आणि परत येते, असं तूच सांगायचीस. तुझ्या अण्णांना, थोरल्या भावाला, मराठी येत नाही. "माज्या मानसांपैकी त्येच्याशी कोन कधी बोललंच न्हाय," असं तू एकदा म्हणालीस आणि लगेच विषय बदललास.

टूरवरून आल्यावर शनिवारचं उलटं झालं. मी गावी यायला लागले. तुझ्या गोठ्याजवळच्या कट्ट्यावर आपली शाळा. नीरु म्हणजे पाणी, हालु म्हणजे दूध, मनी म्हणजे घर. ‘ऊटा आत्री?’ म्हणजे जेवण झालं का. मी चुकले की तू चंद्रीकडं बघून मान हलवायचीस. तू मला घाई कधी केली नाहीस. मी तुला प्रत्येक ‘ऑन’ला टोकायचे, तू माझ्या चुका सोडून द्यायचीस आणि म्हणायचीस, "पोचलं की बास."

तुळशीचं लग्न झालं की जायचं, असं ठरलं होतं. तू अण्णांना कळवलंही होतंस.

आणि श्रावणातल्या एका सकाळी, धार काढून झाल्यावर, तू कट्ट्यावर टेकलीस ती उठलीच नाहीस. सून चहा घेऊन आली तेव्हा बादली शेजारी होती, दूध सांडलेलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. सगळे मला हेच सांगतात आणि ते खरं असावं. पण अक्का, इतकं ठरवलं होतं आपण! तीन महिने थांबता आलं नसतं? तूच ना म्हणायचीस, निघताना ‘येतो’ म्हणायला पाहिजे?

रागावत नाही. आता राग येत नाही. तुझ्या घरी गेले की संदीपची बायको माझं पान स्वयंपाकघरातच मांडते, चुलीशेजारी. मी शनिवारचं येणं सोडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिलीय. बारावं झाल्यावर अण्णांचा फोन आला होता. म्हातारपणानं त्यांना येता आलं नाही, तुझ्या भाच्याला पाठवलं होतं. संदीपनं फोन माझ्याकडं दिला, "काकू, तुमालाच जरा कळतंय." अण्णा बराच वेळ बोलले. मला चार शब्द कळले असतील. मग ते थांबले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आकी खुषीले इद्लाऽ?"

ती आनंदात होती का?

हे वाक्य मला कळलं, अक्का. पूर्ण कळलं. कोवळ्या वयात ज्या बहिणीला परमुलखात, परभाषेत देऊन टाकलं, तिच्याबद्दल तो भाऊ जन्मभर हेच विचारायला थांबला असेल. आणि माझ्याकडं उत्तराला एकच शब्द होता. मी ‘हौद्री’ म्हटलं. होय. ते ‘बर्री’ म्हणाले, या म्हणून, आणि फोन ठेवला.

एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर! ते मला टोचतंय.

म्हणून हा शब्द देते. तुळशीचं लग्न झालं की मी जाणार आहे. एकटी. निपाणीला गाडी बदलून, संकेश्वरावरून. संदीप म्हणतो मी गाडीनं सोडतो, नको म्हटलंय. तो बरोबर असला की मी मराठीतच बोलत बसेन. रत्नाचा मोठा जावई तिकडचा आहे, त्याच्याकडून रोज संध्याकाळी फोनवर धडा घेतेय. भूतकाळ अजून जमत नाही, तो जमवते. अण्णांच्या समोर जमिनीवर बसेन आणि त्यांची बहीण कधी हसायची, कशावर चिडायची, चिडल्यावर ताटात तूप किती वाढायची, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगेन. चुकत सांगेन, पण त्यांचं विचारून संपेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
शैला